‘कॉन्टॅक्ट’मधले अठरा तास: परग्रहवासीयांचे चित्रपट, विज्ञान आणि श्रद्धा

मृगशीर्ष (धागाकर्ती)

१९९७ च्या ‘कॉन्टॅक्ट’चा शेवट पुढे करून ‘बघा, विज्ञानालाही शेवटी श्रद्धेच्याच दारात यावं लागतं’ असं म्हटलेलं अनेकदा वाचायला मिळतं. मला हा निष्कर्ष साफ चुकीचा वाटतो आणि त्याचं कारण पटकथेतच आहे. म्हणून हा धागा. पुढे भरपूर स्पॉयलर आहेत.

चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. एली ॲरोवे ही रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए दुर्बिणीवर तिला अभिजित ताऱ्याच्या दिशेने ठोके ऐकू येतात: २, ३, ५, ७ अशा १०१ पर्यंतच्या मूळसंख्या. या संकेताच्या आत १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचं आपलंच प्रक्षेपण परत आलेलं असतं, आणि त्याच्याही आत एका यंत्राचा हजारो पानांचा आराखडा. यंत्रातून जाणारा माणूस निवडताना समितीतला धर्मचिंतक पाल्मर जॉस तिला देवावर विश्वास आहे का असं विचारतो. ती प्रामाणिक उत्तर देते आणि जागा दुसऱ्याला जाते. केप कॅनाव्हरलचं यंत्र एक धर्मांध माणूस स्फोट करून उडवतो. मग होक्काइडोतल्या दुसऱ्या यंत्रातून एली जाते. बाहेरच्या कॅमेऱ्यांना दिसतं ते एवढंच, की तिची कुपी काही सेकंदांत सरळ खाली पडली. ती सांगते, मी अवकाशातल्या छिद्रातून (वर्महोलमधून) गेले, अठरा तास बाहेर होते, आणि तिथे एका किनाऱ्यावर परग्रहवासी मला माझ्या वारलेल्या वडिलांच्या रूपात भेटला. चौकशी समितीपुढे तिच्याकडे पुरावा नसतो, आणि ज्या बाईने आयुष्यभर इतरांकडे पुरावा मागितला तिला आता ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणावं लागतं.

त्यानंतर शेवटाकडे दोन अधिकाऱ्यांचा एक छोटा संवाद येतो. एलीच्या कॅमेऱ्यात फक्त खरखर आहे, पण ती खरखर सुमारे अठरा तासांची आहे. हे प्रेक्षकाला कळतं. एलीला सांगितलं जात नाही.

म्हणजे विज्ञान आणि श्रद्धा समसमान ठरतात, कारण एक मोजमाप लपवून ठेवलेलं आहे. ही बरोबरी ज्ञानाच्या स्वरूपातून आलेली नाही, दोन अधिकाऱ्यांनी एक फाइल बंद केली म्हणून आली. माझे प्रश्न दोन. चौकशी नीट झाली असती तर काय काय तपासता आलं असतं? आणि या जातीच्या इतर चित्रपटांत हा सामना कसा मांडला आहे?

खडूफळा

पहिल्या प्रश्नाला हात घालतो. अठरा तास खरोखर गेले असतील तर त्यांच्या खुणा फक्त कॅमेऱ्यात राहणार नाहीत.

हवा घ्या. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतो आणि सुमारे ०.२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. अठरा तासांत हा वायू २१६ लिटर होतो. कुपीत ४ घनमीटर हवा आहे असं धरलं तर त्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाईल. दार उघडल्याबरोबर आतल्या हवेचा एक नमुना बाटलीत भरून घेतला असता तर दहा मिनिटांत उत्तर मिळालं असतं. ती बराच वेळ कुपीबाहेर, त्या किनाऱ्यावर होती असं धरलं तर हा आकडा कमी भरेल, पण शून्य होणार नाही.

घड्याळ. साधं क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला जास्तीत जास्त सेकंद-दीड सेकंद चुकतं. ६४,८०० सेकंदांचा फरक बिघाडाने पडत नाही. तो हाताने मात्र पाडता येतो, म्हणून नुसत्या घड्याळावर समिती विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

सगळ्यांत भक्कम उपाय म्हणजे किरणोत्सारी पदार्थाची सीलबंद शिशी. टेक्नेशियम-९९एम हे समस्थानिक हाडांच्या आणि हृदयाच्या स्कॅनसाठी रुग्णालयांत रोज वापरलं जातं. त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे सक्रियता निम्मी व्हायला लागणारा वेळ, ६ तास. अठरा तासांत तीन अर्धायुष्यं होतात, म्हणजे निघताना जितकी सक्रियता मोजली त्याच्या एक अष्टमांश उरायला हवी. काही सेकंदच गेले असतील तर ती जवळजवळ पूर्ण असेल. एकाच वेळी भरलेली दुसरी शिशी जमिनीवर ठेवायची आणि परतल्यावर दोन्ही शेजारी ठेवून मोजायच्या. हे घड्याळ कुणाला मागे-पुढे करता येत नाही. दुसरं समस्थानिक सोबत दिलं, समजा ११० मिनिटांचं फ्लोरिन-१८, तर ते नऊशेव्या हिश्श्याच्या आसपास उतरेल, आणि दोन्ही आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत.

यातलं काहीही कुपीत नव्हतं, याचं कारण तंत्रज्ञानाची मर्यादा हे नाही. पटकथेला तिची मुठ रिकामी हवी होती.

शमीपत्र

खडूफळा, हिशेब सुंदर आहे. पण तो ‘किती वेळ’ याचा आहे. तिने काय पाहिलं, वडिलांच्या रूपात कोण भेटलं, आणि त्या भेटीने तिला आपण एकटे नाही असं जे वाटलं, त्याबद्दल टेक्नेशियम काही सांगणार नाही.

दुसरी गोष्ट. पाल्मर तिला विचारतो, तुझं वडिलांवर प्रेम होतं का? ती हो म्हणते. तो म्हणतो, सिद्ध कर. या प्रसंगाला अनेक विज्ञानवादी शब्दांची चलाखी म्हणतात. मला तसं वाटत नाही. धार्मिक माणसाची श्रद्धा ही बहुतेक वेळा विश्वाबद्दलचं गृहीतक नसते. ती एक नातं असते, आणि नात्याला पुराव्याची भाषा अपुरी पडते. वारीला निघालेला माणूस विठ्ठलाच्या अस्तित्वाची चाचणी घ्यायला निघालेला नसतो. समितीपुढे एली शेवटी तिथेच पोचते: माझा अनुभव भ्रम असू शकतो हे शास्त्रज्ञ म्हणून मला मान्य करावंच लागेल, तरी तो मी नाकारू शकत नाही. अप्रतिम आणि अतिशय प्रामाणिक जागा आहे ती.

मृगशीर्ष

शमीपत्र, जागा प्रामाणिक आहे हे शंभर टक्के मान्य. पण तुम्ही म्हणता त्या दोन गोष्टी चित्रपट एकत्र बांधतो, माझी तक्रार तिथे आहे. ‘मला प्रेम वाटतं’ हे विधान वाटण्याबद्दल आहे. ‘मी छिद्रातून २६ प्रकाशवर्षं गेले’ हे विधान जगाबद्दल आहे, आणि त्याला कुपीतल्या हवेपासून कॅमेऱ्यापर्यंत पन्नास ठिकाणी तपासता येतं. पहिल्याला पुरावा लागत नाही म्हणून दुसऱ्यालाही लागू नये, ही उडी पटकथा हळूच मारते. शिवाय प्रेमाच्याही खुणा असतात. वडील गेल्यावरही आकाशात कुणाचा तरी आवाज शोधत राहणारी ती मुलगी चित्रपटभर आपल्यासमोर आहेच की.

नारायणगाव_फाटा

धागा रेडिओ दुर्बिणींचा निघाला म्हणून लिहितो. चौकशीच्या प्रसंगात समिती म्हणते की हे सगळं अब्जाधीश हॅडनने उपग्रह वापरून केलेलं सोंग असू शकतं, आणि ऑकमचा वस्तरा लावला तर तेच सोपं स्पष्टीकरण आहे. इथे चित्रपट स्वतःचाच पहिला भाग विसरतो. सोंगाची शक्यता पहिल्याच आठवड्यात निकालात निघाली असती. कशी, ते सांगतो.

व्हीएलएमध्ये २५ मीटर व्यासाच्या २७ तबकड्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या रुळांवर मांडलेल्या आहेत. सर्वांत पसरट मांडणीत त्यांचा विस्तार ३६ किलोमीटर होतो. चित्रपटातली वारंवारता ४.४६२३ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे हायड्रोजन वायूची नैसर्गिक वारंवारता १.४२०४ गुणिले पाय (π). तरंगलांबी सुमारे ६.७ सेंटिमीटर. दुर्बिणीला एखादा स्रोत ‘अनंतावरचा’ वाटण्यासाठी तो विस्ताराच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी इतका तरी लांब असावा लागतो. आकडे घाला: जवळजवळ ३.९ कोटी किलोमीटर, चंद्राच्या अंतराच्या सुमारे शंभर पट. त्याच्या आत असलेल्या कोणत्याही उपग्रहाचा तरंग तबकड्यांपर्यंत वक्र येतो, तरंगांच्या कला (चढउतारांच्या वेळा) जुळत नाहीत, आणि ताऱ्यासाठी केंद्रित केलेल्या प्रतिमेत तो फिस्कटलेला दिसतो. तबकड्या १ किलोमीटरच्या दाट मांडणीत असतील तर हीच मर्यादा ३० हजार किलोमीटरवर येते, आणि ३६ हजारांवरचा भूस्थिर उपग्रह मग या कसोटीतून निसटू शकतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: त्या रात्री मांडणी कोणती होती?

दुसरी कसोटी वेळेची. तारा रोज ३ मिनिटं ५६ सेकंद लवकर उगवतो. महिनाभर संकेत नक्षत्रवेळेला चिकटून राहिला तर तो आकाशातला. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांनी पहिला पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणारा तारा) ओळखला तेव्हा याच गोष्टीने तो पृथ्वीवरचा गोंगाट नाही हे दाखवलं. १.३३ सेकंदांच्या त्या नियमित ठोक्यांना सुरुवातीला ‘छोटी हिरवी माणसं’ असं टोपणनाव दिलं होतं.

तिसरी कसोटी सरकण्याची. पृथ्वी फिरते म्हणून बाहेरच्या स्थिर संकेताची वारंवारता हळूहळू सरकते. ४.४६ गिगाहर्ट्झला हा वेग विषुववृत्तावर सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा हर्ट्झ. अजिबात न सरकणारा अरुंद संकेत बहुधा आपल्याच कुठल्या तरी यंत्राचा असतो.

चौथी: दुर्बीण ताऱ्यावरून बाजूला घ्यायची. संकेत गेला पाहिजे. परत आणायची. परत आला पाहिजे. असं किमान तीनदा.

आणि पाचवी, दुसरी वेधशाळा. चित्रपटात ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सला विचारणा होते. पार्क्सचं अक्षांश ३३ अंश दक्षिण, अभिजितची क्रांती (ताऱ्याचं आकाशातलं अक्षांश) ३८.८ अंश उत्तर. दोन्हींची बेरीज ९० मधून वजा केली तर तिथे अभिजित क्षितिजावर जेमतेम १८ अंश चढतो, आणि पार्क्सची ६४ मीटरची तबकडी सुमारे ३० अंशांच्या खाली वळत नाही. म्हणजे तिला हा तारा दिसतच नाही.

आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरून अभिजित चांगला ७० अंश चढतो. ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत. पण तिची मर्यादा साधारण १४५० मेगाहर्ट्झला संपते, त्यामुळे हायड्रोजनची रेषा पकडता येते, पायने गुणलेली नाही. एलीच्या संकेताची खातरजमा जर्मनीतल्या एफेल्सबर्गच्या १०० मीटरच्या दुर्बिणीने सहज केली असती.

गोदाकाठ

+१. नारायणगाव_फाटा, अशा कसोट्यांत नापास झालेलं एखादं अलीकडचं उदाहरण आहे का?

नारायणगाव_फाटा

आहे, आणि तेही पार्क्सचंच. २०१९ च्या एप्रिल-मेमध्ये प्रॉक्झिमा सेंटॉरीच्या दिशेने ९८२.००२ मेगाहर्ट्झवर अरुंद संकेत मिळाला. सरकत होता, बाजूला वळल्यावर दिसत नव्हता, काही तास टिकला. नाव पडलं बीएलसी-१. उमेदवार म्हणून याच्याइतका चांगला संकेत ‘ब्रेकथ्रू लिसन’ या परग्रहवासीयांचे संकेत शोधणाऱ्या प्रकल्पाला मिळाला नव्हता. पुढचे कित्येक महिने विश्लेषकांनी तो मोडायचा प्रयत्न केला. शेवटी जुन्या नोंदींत हुबेहूब तसेच सरकणारे साठेक संकेत इतर वारंवारतांवर सापडले, ठरावीक अंतरांनी. ही अंतरं इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या नेहमीच्या आंदोलकांशी जुळत होती. त्यातले काही दुर्बीण प्रॉक्झिमापासून वळवल्यावरही होते. २०२१ मध्ये त्याच गटाने ‘हा हस्तक्षेप आहे’ असं प्रसिद्ध केलं.

त्याआधी पार्क्सवरच वर्षानुवर्षं ‘पेरिटॉन’ नावाचे झटके दिसत होते. २०१५ मध्ये कळलं की मायक्रोवेव्ह ओव्हन थांबायच्या आत कुणी दार उघडलं, आणि त्याच वेळी दुर्बीण त्या दिशेला असली, की ते उमटतात.

चित्रपटांत संकेत आला की लोक टाळ्या वाजवतात. खऱ्या वेधशाळेत संकेत आला की ज्यांना तो सर्वांत जास्त हवा असतो तेच त्याला खोटा पाडायला बसतात. विज्ञान आणि श्रद्धा यांतला फरक मला इथे सर्वांत स्वच्छ दिसतो, आणि ‘कॉन्टॅक्ट’ने निदान पहिल्या अर्ध्या तासात तो बऱ्यापैकी दाखवला आहे. कानाला हेडफोन लावून ऐकणं तेवढं खोटं. लाखो वाहिन्या एकाच वेळी संगणक तपासतो.

जुनी_रिळं

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. ‘पुरावा लपवून श्रद्धा उभी करणं’ ही युक्ती ‘कॉन्टॅक्ट’च्या वीस वर्षं आधी स्पीलबर्गने वापरली आहे. ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७) मध्ये सरकारी शास्त्रज्ञांकडे सगळं असतं: हरवलेली विमानं, अक्षांश-रेखांशाचे आकडे, पाच सुरांची धून. सामान्य माणसाकडे फक्त डोक्यातून न जाणारी डोंगराची आकृती असते. लोकांना त्या डोंगरापासून दूर ठेवण्यासाठी सरकार विषारी वायूच्या गळतीची खोटी बातमी पसरवतं. म्हणून नायकाचा प्रवास थेट तीर्थयात्रेसारखा होतो. घर सुटतं, कुटुंब सुटतं, लोक वेडा म्हणतात आणि शेवटी दर्शन. जहाजात चढणाऱ्या लाल पोशाखातल्या प्रवाशांसाठी धर्मगुरू प्रार्थना म्हणतो तो प्रसंगही नीट पाहा. इथे श्रद्धावान आणि शास्त्रज्ञ एकाच जागी पोचतात, फक्त एकाला नकाशा मिळालेला असतो आणि दुसऱ्याला स्वप्न.

त्यातला हजारो माणसांनी धून म्हणण्याचा प्रसंग कथेत धर्मशाळेचा आहे, पण त्याचं चित्रीकरण आपल्या खालापूर-खोपोलीजवळच्या हाळ गावात झालं. फ्रेंच शास्त्रज्ञ (ही भूमिका दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोने केली आहे) विचारतो, हे सूर आले कुठून? आणि सगळा जमाव एकदम बोट वर करून आकाश दाखवतो. शास्त्रज्ञांचा गट तिथे ध्वनिमुद्रण करायला आलेला असतो. भक्तांच्या कंठातली गोष्ट तो मोजमापात आणतो, आणि पुढे तीच धून यंत्रावरून वाजवून संपर्क होतो. धून सरगमात लिहायची तर रे, ग, सा, मग खालच्या सप्तकातला सा आणि त्याच सप्तकातला प. शेवटच्या पंचमावर ती टांगून राहते, षड्जावर येत नाही, म्हणूनच ती प्रश्नासारखी ऐकू येते.

त्याहूनही मागे जा. ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ (१९५१) मध्ये परग्रहवासी क्लाटू माणसांत राहताना कारपेंटर, म्हणजे सुतार, हे आडनाव घेतो, मारला जातो आणि पुन्हा उठतो. ख्रिस्ताशी साम्य पटकथाकाराने मुद्दाम ठेवलं होतं. पण अमेरिकी चित्रपटसृष्टीच्या सेन्सॉर कार्यालयाला यंत्राने मेलेल्याला जिवंत केलेलं चालेना. मग क्लाटूच्या तोंडी वाक्य घालावं लागलं, की तो अधिकार फक्त सर्वशक्तिमान परमात्म्याचा. परग्रहावरच्या विज्ञानालाही तेव्हा पृथ्वीवरच्या धर्माची परवानगी घ्यावी लागली.

‘साइन्स’ (२००२) मात्र मला खटकतो, आणि तो चांगला बनवलेला आहे म्हणून जास्त खटकतो. श्रद्धा हरवलेल्या पाद्रीला ती परत मिळते, कारण मरणाऱ्या बायकोचे शब्द, मुलाचा दमा आणि मुलीने घरभर ठेवलेले पाण्याचे पेले, सगळं शेवटच्या पाच मिनिटांत उपयोगी पडतं. योगायोग नाहीत, सगळं योजलेलं आहे असं चित्रपट सांगतो. अर्थातच योजलेलं आहे. पटकथाकाराने शेवट ठरवून मागे पेरणी केली आहे. शेजारच्या घरांत ज्या मुलांचा दमा कामी आला नाही, ज्यांच्या बायकांचे शेवटचे शब्द निरर्थक होते, ती घरं कॅमेऱ्यात येतच नाहीत. चुकलेले बाण मोजले नाहीत तर प्रत्येक बाण नेमका लागलेला दिसतो.

‘प्रोमिथियस’ (२०१२) मध्ये नायिका गळ्यात क्रॉस ठेवते आणि मी असं मानायचं ठरवलं आहे म्हणते, पण पटकथा त्या वाक्याचं पुढे काही करत नाही. ‘अरायव्हल’ (२०१६) या वादापासून जवळजवळ दूर राहतो.

गोदाकाठ

भारतीय बाजू राहिली. सर्वांत चांगलं उदाहरण न झालेल्या चित्रपटाचं आहे. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ची पटकथा लिहिली. बंगालमधल्या खेड्यातल्या तळ्यात यान उतरतं, त्याचा कळस पाण्याबाहेर दिसतो आणि गावकरी त्याला बुडालेलं मंदिर वर आलं असं समजून पूजा सुरू करतात. कोलंबिया कंपनीशी बोलणी होऊनही चित्रपट झाला नाही. या एका कल्पनेत राय यांनी कुणालाही मूर्ख ठरवलेलं नाही. गावकऱ्यांच्या अनुभवात पाण्यातून वर येणारी कळसासारखी गोष्ट मंदिरच असणार. उपलब्ध माहितीवर त्यांनी काढलेला तो रास्त निष्कर्ष आहे. फक्त तो पुढे कुणी तपासत नाही.

‘कोई मिल गया’ (२००३) मध्ये शास्त्रज्ञ ॐचा ध्वनी संगणकावरून अंतराळात पाठवतो आणि उत्तर येतं. तिथे संघर्षच नाही. ‘पीके’ (२०१४) मध्ये परग्रहवासी स्वतःच प्रयोग करतो. परीक्षेच्या दिवशी कॉलेजबाहेर झाडाखाली एक दगड ठेवतो, त्याला पानाच्या पिंकेचा लाल रंग लावतो, पुढ्यात चार नाणी टाकतो, आणि विद्यार्थी रांगेने लोटांगण घालू लागतात.

खरं तर पाश्चात्त्य चित्रपटांत परग्रहवासी आले की धर्म हादरतो, आपल्याकडे तसं होत नाही. देवाला ‘अनंत कोटी ब्रह्मांडनायक’ म्हणून रोज जयघोष करणाऱ्याला आणखी एक वसलेला ग्रह सापडला तर काय अडचण आहे? ख्रिस्ती विचारात प्रश्न अवघड होतो, कारण तिथे अवतार एकदाच, एका ग्रहावर, एका काळात झालेला आहे. परग्रहांवरच्या सगळ्यांना तोच लागू आहे का, असं विचारावं लागतं.

शमीपत्र

गोदाकाठ, उत्तम मुद्दा. फक्त त्या परंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही हेही नोंदवतो. व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तेव्हाचे संचालक होसे गाब्रिएल फुनेस यांनी २००८ मध्ये व्हॅटिकनच्याच दैनिकाला मुलाखत देऊन सांगितलं, की पृथ्वीबाहेर बुद्धिमान जीव असण्यात आणि ईश्वरावरच्या श्रद्धेत विरोध नाही. आपण त्यांना भाऊ म्हणू शकतो. त्याच वर्षी ल्युथरन धर्मशास्त्रज्ञ टेड पीटर्स यांनी १३०० हून अधिक लोकांची पाहणी केली. बहुतेक धार्मिक लोक म्हणाले, आमची श्रद्धा डळमळणार नाही. धर्म कोसळेल अशी भीती स्वतः धार्मिक नसलेल्यांना इतरांबद्दल जास्त वाटत होती. पटकथा कोण लिहितं याचा विचार करता यातून पुष्कळ कळतं.

खडूफळा

‘पीके’च्या दगडाबद्दल. प्रसंग प्रभावी आहे, पण प्रयोग म्हणून कच्चा आहे. शेजारी रंग न लावलेला दुसरा दगड नाही, आणि परीक्षेचा दिवस मुद्दाम निवडलेला. भीतीमुळे किती झुकले आणि रंगामुळे किती, हे वेगळं कसं करणार?

नीट प्रयोग कसा असतो याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, शंभर हुशार आणि शंभर मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि मूल कोणत्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के आलं, नाणं उडवून येतं त्याच्या आसपास. कोणती पत्रिका कुणाची हे तपासणाऱ्यांपासूनही झाकलेलं होतं. श्रद्धा जिथे जगाबद्दल ठाम विधान करते तिथे ती तपासता येते. शमीपत्र म्हणतात ती नात्यातली श्रद्धा असं विधान करतच नाही, म्हणून हा प्रयोग तिच्या वाटेला जात नाही.

शून्यएक

धाग्यात अजून कुणी कार्ल सेगन यांच्या मूळ कादंबरीचा (१९८५) शेवट काढला नाही. या विषयातला तो सगळ्यांत धाडसी भाग आहे आणि चित्रपटाने तो वगळला.

कादंबरीत यंत्रातून पाच जण जातात, त्यात देवी सुखवती ही भारतीय शास्त्रज्ञही आहे. परतल्यावर त्यांच्याकडेही पुरावा नसतो. पण तिकडे एलीला एक सूचना मिळालेली असते: पायच्या (π) अंकांत फार खोलवर संदेश आहे. ती संगणकाला कामाला लावते. ११ च्या पायावर (दहाऐवजी अकरा अंकचिन्हं वापरून) लिहिलेल्या π च्या विस्तारात एका ठिकाणी फक्त ० आणि १ येऊ लागतात, आणि ते चौकटीत मांडले की वर्तुळ उमटतं. विश्वाच्या रचनेत कर्त्याची सही, असा त्याचा अर्थ ती लावते.

म्हणजे सेगन यांनी श्रद्धेच्या मूळ प्रश्नालाच असा पुरावा दिला की ज्याला साक्षीदार लागत नाही. एलीवर विश्वास ठेवायची गरज नाही. कुणीही, कुठेही गणित करून पाहावं.

आता हा पुरावा किती भक्कम ठरला असता? पायचे अंक यादृच्छिक क्रमासारखे वागतात असं धरू. (ते सिद्ध झालेलं नाही, पण आजवरच्या सगळ्या मोजण्या त्याच्याशी जुळतात.) ११ च्या पायावर एखादा अंक ० किंवा १ असण्याची शक्यता २/११. सलग n अंक तसे असण्याची (२/११) चा n वा घात. १०० गुणिले १०० च्या चौकटीला १०,००० अंक लागतात, तेव्हा शक्यता येते १० चा उणे ७४०४ वा घात. समजा १० चा २० वा घात इतके अंक शोधले, तरी ती जेमतेम उणे ७३८४ वर येते. उलट, तेवढ्या अंकांत सलग ० आणि १ ची साधारण २७ लांबीची मालिका नुसत्या योगायोगाने सापडेलच. आज पायचे २०० लाख कोटींहून जास्त दशमान अंक काढलेले आहेत. ते ११ च्या पायावर नेले तर अशी सर्वांत लांब मालिका १९ च्या आसपास भरावी. म्हणून कुणी ‘पायमध्ये माझी जन्मतारीख सापडली’ म्हणालं तर त्याला काही किंमत नाही, आणि दहा हजारांचं वर्तुळ सापडलं तर त्यापुढे कुठलंही सोंगाचं स्पष्टीकरण टिकणार नाही.

मृगशीर्ष

शून्यएक, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. चित्रपटाने हा शेवट ठेवला असता तर ‘दोन्ही बाजू समान’ असं म्हणायला जागाच राहिली नसती.

शमीपत्र

इथे मला श्रद्धेच्या बाजूनेच आक्षेप घ्यायचा आहे. पाय कुणी निवडलेला नाही. वर्तुळाची व्याख्या केली की पाय ठरलाच. तो कोणत्याही विश्वात, कोणत्याही निर्मात्याकडे तोच असणार. आस्तिक तत्त्वज्ञानात बहुतेकांचं मत आहे की ईश्वर तर्कदृष्ट्या अशक्य गोष्ट करत नाही. दोन आणि दोन पाच करणं हे सामर्थ्यच नव्हे. मग जी संख्या बदलताच येत नाही तिच्यात सही कशी घालणार? वर्तुळ सापडलं तरी ते गणिताचं एक विलक्षण सत्य ठरेल, कर्त्याचं पत्र नव्हे. सही करायची तर जिथे वेगळं काही होऊ शकलं असतं तिथे, म्हणजे भौतिक स्थिरांकांत करायला हवी.

शून्यएक

आक्षेप बरोबर आहे आणि तो तुमच्या बाजूने यावा याचा आनंद आहे. पण स्थिरांकांत सही वाचता येणार नाही. प्रकाश आणि विद्युतभार यांचं नातं सांगणारा सूक्ष्मरचना स्थिरांक घ्या, कारण त्याला एकक नाही. एकक असलेले स्थिरांक आपण मीटर कसा ठरवला यावर अवलंबून असतात. त्याचा व्यस्त १३७.०३५९९९ असा सुरू होतो, आणि आजच्या सर्वोत्तम प्रयोगांतून त्याचे विश्वासार्ह अंक १० ते ११ च मिळतात. वरच्या हिशेबात योगायोगाने येणारी मालिकाच १९ अंकांची होती. प्रत्येक पुढचा अंक मिळवायला मोजमाप दहापट अचूक करावं लागतं, आणि ते वर्षानुवर्षांचं काम असतं. वर्तुळाला लागणारे दहा हजार अंक कुठल्याही प्रयोगशाळेच्या आवाक्यात नाहीत. पायचे अंक मात्र कागदावर, संगणकावर हवे तितके काढता येतात. सेगन यांनी पाय निवडला त्याचं व्यवहारी कारण मला तरी हेच वाटतं.